कोकणात कॅरॅव्हॅननं फिरायचं तर: मुक्काम कुठे, मासे कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब. नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि सत्तरीच्या आई. डिसेंबरात आठ दिवस हाताशी आहेत. भाड्यानं कॅम्पर (आत झोपायची-शिजवायची सोय असलेली गाडी) घ्यायची, अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, रोज रात्री गाडी समुद्राच्या अगदी काठाला लावायची आणि रोज ताजे मासे आणून स्वतः शिजवून खायचे. हे जमेल का?

जमेल, पण तीन गोष्टी बदला. अंतर निम्म्याहून कमी करा. गाडी काठावर लावायच्या ऐवजी कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लावा. आणि दिवसाची आखणी स्थळांच्या यादीवरून न करता भरती-ओहोटीवरून आणि मासे बंदरावर येण्याच्या वेळेवरून करा. मी बरीच वर्षं या पट्ट्यात कॅम्परमधून पाहुणे फिरवतो. ज्यांची सहल फसते त्यांची गाडी चांगली असते, पैसेही पुरेसे असतात. फक्त सकाळी आठला लिलाव संपलेल्या बंदरावर ते साडेनऊला पोहोचतात आणि मग हॉटेलातली थाळी खाऊन पुढच्या गावाला पळतात.

आधी अंतर. नकाशावर अलिबाग ते वेंगुर्ला ही एक रेघ दिसते. प्रत्यक्षात ती जागोजागी खाड्यांनी तुटलेली आहे. सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत येतात, त्यांच्या माथ्यावर जांभ्याचे सडे (उघडी कातळ पठारं), दोन सोंडांच्या मधे खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी बंदर नाहीतर किल्ला. रस्ता सड्यावर चढतो, खाडीपर्यंत उतरतो, पूल असेल तर पलीकडे जातो, नसेल तर जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) धरतो आणि पुन्हा चढायला लागतो. रेवस-रेडी सागरी महामार्गाची आणि त्यावरच्या पुलांची कामं चालू आहेत, पण आजच्या घडीला कॅम्परसाठी किनारी रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका. अंधार पडल्यावर तर गाडी हलवूच नका. वळणावर गुरं बसलेली असतात आणि समोरून वाळूचा डंपर येतो.

त्यामुळे आठ दिवसांत माझा सल्ला देवगड ते वेंगुर्ला एवढाच आहे. पुण्याहून कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली. आंबोलीही चालते, पण तुम्हाला देवगडकडे जायचं तर फोंडा सोयीचा. एका दिवसात पुणे-देवगड होतं, पण सत्तरीच्या आई आणि सहा वर्षांचं मूल घेऊन करू नका. एक रात्र कोल्हापूरच्या आसपास काढा. मग दोन रात्री देवगड-कुणकेश्वरच्या बाजूला, तीन मालवण-तारकर्ली पट्ट्यात, आणि शेवटची भोगवे-निवतीकडे किंवा वेंगुर्ल्याला. देवगड ते मालवण पन्नासेक किलोमीटर, मालवणहून परुळ्यावरून वेंगुर्ला साधारण तेवढंच. म्हणजे गाडी हलेल ती फक्त दोन-तीनदा, बाकी वेळ ती एका जागी उभी. कॅरॅव्हॅनचं सुख उभ्या गाडीत असतं हे पहिल्यांदा येणाऱ्यांना पटत नाही.

खाड्या आणि फेरीबोटींचीच हौस असेल तर उत्तरेकडचा तुकडा घ्या, दापोली-गुहागर-जयगड. मुरूडजवळ आगरदांडा-दिघी, मग बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार जंगलजेट्या आहेत आणि गाडीसकट बोटीत चढायला मुलांना प्रचंड मजा येते. मात्र कॅम्परच्या मागच्या चाकांच्या मागे लांब बूड लोंबत असतं. पूर्ण ओहोटीला बोटीची फळी तीव्र उताराची होते आणि ते बूड घासतं, सांडपाण्याची तोटी तिथेच असेल तर तुटतेही. मध्यम पाण्याला जा. बोटीवर गॅसचा सिलिंडर बंद आणि हँडब्रेक ओढलेला, एवढं पुरे.

गाडीबद्दल. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर कोकणात चालते. त्याहून लांब बसवर बांधलेली घेऊ नका, आणि मागे ओढायच्या ट्रेलरचा विचारही नको. गावातले रस्ते दोन्ही बाजूंना जांभ्याच्या गडग्यांमध्ये (दगडी कुंपणांमध्ये) अडकलेले असतात. समोरून रिक्षा आली तरी कुणीतरी मागे जावं लागतं. छतावर एसीचं खोकं धरून गाडीची उंची किती होते ते मीटरमध्ये लिहून काचेवर चिकटवा, कारण गावाच्या कमानी, खाली आलेल्या विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या हे तिथले खरे अडथळे. कुठल्या गावात गाडी जाईल हे ओळखायची सोपी खूण आहे. जिथपर्यंत एसटी जाते तिथपर्यंत तुमची गाडी जाते. एसटीनं फांद्या आधीच झोडपलेल्या असतात आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा असते. वस्तीची गाडी जिथे रात्री उभी राहते त्या जागेच्या आसपास विचारलंत तर मुक्कामाची सोयही बहुतेक वेळा तिथेच होते.

गाडी ड्रायव्हरसकट घेणार असाल तर तो झोपणार कुठे, हे बुकिंगच्या आधी विचारा. पाच माणसं आत झोपली की त्याला जागा नाही, आणि पुढच्या सीटवर मान मोडून झोपलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी घाट चढवून घ्यायचा नसतो. त्याच्यासाठी मुक्कामाच्या घरी एक खोली धरा. गोव्यात डोकवायचा विचार असेल तर गाडीचा परवाना तिकडे चालतो का तेही तेव्हाच बघून घ्या.

आता मुक्काम. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन तळांचीही कल्पना आहे. पण वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही सोयी असलेला तळ किनाऱ्यावर रोजच्या रोज मिळेल, या भरवशावर निघू नका. इथली खरी व्यवस्था वेगळीच आहे आणि मला तर ती जास्त आवडते. ज्या घरी घरगुती जेवण मिळतं किंवा दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या आहेत, त्यांच्या वाडीत किंवा खळ्यात गाडी लावायची. विहिरीचं पाणी, पंधरा अँपिअरचा प्लग, आंघोळीची मोरी आणि शौचालय एवढं मागायचं. त्याचे पैसे आधी स्पष्ट ठरवायचे आणि दिवसातलं एक जेवण त्यांच्याकडे घ्यायचं. हे जेवण ठरवणं विसरू नका. जागेचं भाडं त्यांना किरकोळ वाटतं, जेवणाचे चार पैसे मिळाले की तुम्ही पाहुणे होता, आणि मग मासे कुठे चांगले, पाणी कधी ओसरतं, उद्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आहे का, हे सगळं न विचारता कळतं.

फोनवर विचारायच्या गोष्टी: फाटकाची रुंदी किती, विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, आणि आवारात मासे शिजवलेले चालतात का. हा शेवटचा प्रश्न लाजत विचारू नका. काही घरांत, विशेषतः देवळांच्या आसपास, मांसाहार चालत नाही. पातेलं चुलीवर ठेवल्यावर ते कळलं तर दोघांनाही अवघड होतं.

पोहोचल्यावर वर बघा. माडाखाली गाडी लावायची नाही. नारळ काय, वाळलेली झावळ पडली तरी छतावरच्या सोलर पॅनेलची काच जाते. घरमालक बहुतेक स्वतःच सांगतो, "थंय नको, नारळ पडतलो." आंब्याखाली लावा, किंवा उघड्यावर लावून ताडपत्री ओढा.

अगदी काठावर गाडी का नको, ते नीट सांगतो, कारण तुमचा सगळा हट्ट त्यावर आहे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घातली की ती रुतते. तीन-चार टनांची कॅम्पर रुतली तर ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. डिसेंबर हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं ऐकलेली असतील, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही कासवं येतात. मादी रात्री अंधारात वर चढते आणि उजेड दिसला की अंडी न घालता परत फिरते. तुमच्या गाडीबाहेरची एलईडीची माळ तेवढ्याला पुरते. किनाऱ्यालगतची सुरूची बनं पुष्कळ ठिकाणी वनखात्याची असतात, तिथे विचारल्याशिवाय चूल पेटवायची नाही. आणि खारा वारा! समुद्राकडे तोंड करून दोन रात्री गाडी उभी केली की बिजागऱ्या, गॅसच्या पट्ट्या, सायकलचा स्टँड सगळ्यावर तांबूस पूड धरते. वाडीत, माडांच्या आडोशाला, किनाऱ्यापासून पाच मिनिटं चालत असलेली जागा सगळ्या दृष्टीनं बरी.

सड्यावर लावू का, असंही काही जण विचारतात. सूर्यास्त तिथून सुंदर दिसतो, खरं. पण रात्री वारा गाडी हलवतो, आणि रत्नागिरी-राजापूर-देवगड-मालवणच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, कुडोपी ही त्यातली नावाजलेली. त्यातली काही २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण जमिनीवर कुंपण सगळीकडे नाही. हजारो वर्षांपूर्वी खोदलेल्या हत्तीवरून तुमचं चाक गेलं तरी तुम्हाला कळणारही नाही. रस्त्याच्या कडेला गाडी ठेवा आणि चालत जा.

विजेचं फार डोक्यात घेऊ नका. डिसेंबरात पहाटे पांघरूण लागतं, एसीची गरज नाही. खिडक्यांना जाळी आणि पंखा असला की झालं, डास मात्र आहेत. दोनशे अँपिअर-अवरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत अडीच युनिटही वीज नसते. ती फ्रीज, दिवे आणि पंख्याला दिवसभर पुरेल, एसीला दीड-दोन तास. घरातून वायर घेण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत ते गंजलेलं असतं आणि गाडी म्हणजे रबराच्या चाकांवर उभा असलेला पत्र्याचा डबा, त्यात गळती झाली तर झटका पायरी चढणाऱ्याला बसतो.

शौचालयाचं: गाडीत डब्याचं शौचालय असलं तरी ते रात्रीपुरतं ठेवा. तो डबा रिकामा करायची जागा म्हणजे घरमालकाच्या शौचालयाची टाकी, तीही त्याला विचारून. खाडीत, ओढ्यात, पुळणीवर अजिबात नाही. डब्यात घालायचं निळं औषध जास्त ओतलंत तर त्याच्या टाकीतले जिवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्याच्या घरी घाण वास सुटतो, तेव्हा बेतानं. भांड्यांचं पाणी मात्र माडा-पोफळीच्या आळ्यात घालता येतं, साबण कमी असेल तर. आईंसाठी गाडीच्या पायरीखाली ठेवायला एक भक्कम लाकडी पाट न्या. कॅम्परची पायरी गुडघ्याला फार उंच पडते.

आता भरती-ओहोटी. मोबाईलवर तक्ते मिळतात, पण रेंज नसेल तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशोब मुंबईकडचा आणि ढोबळ आहे, मालवणकडे भरती त्याहून थोडी आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार थोडा.

याचा तुमच्याशी संबंध असा. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी पाचच्या आसपास पडते. खडक उघडे पडतात, मुलांना डबक्यांतले खेकडे, शंख, काळे साप नव्हेत पण तसे दिसणारे समुद्री काकडीचे लोळे बघता येतात, आणि गावातल्या बाया कोयती घेऊन कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला खडकावर उतरतात. त्यांच्याबरोबर जायला मिळालं तर सोडू नका. ओंजळभर कालवं काढायला किती वेळ लागतो ते एकदा बघितलं की बाजारात घासाघीस करायची इच्छा राहत नाही. मात्र पाणी उलटलं की त्या ज्या क्षणी निघतील त्याच क्षणी तुम्हीही निघायचं. याच दिवसांत दुपारी बारापर्यंत पुळण पाण्याखाली गेलेली असते, म्हणून मुलांचं वाळूत खेळणं सकाळी लवकर किंवा चारनंतर ठेवा. भोगव्याला किनारा पटकन खोल होतो, पोहायला तारकर्लीची बाजू बरी, तीही गावातल्या माणसाला विचारून. खडकाच्या टोकावर बसून गरवायचा मोह होईल. लाट पाठ फिरवल्यावरच येते, तेव्हा मुलांना खडकाच्या कडेला गरी घेऊन बसवू नका. खाडीच्या धक्क्यावर बसवा, तिथेही मासे लागतात.

मासे कसे मिळवायचे हा खरा विषय, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार.

दोन रस्ते आहेत, बंदर आणि रापण. मालवण, देवगड, वेंगुर्ला या बंदरांवर बोटी आल्या की लिलाव होतो. लिलावात पर्यटकानं बोली लावायची नसते. तिथे टोपलीच्या टोपल्या जातात आणि बोली इतक्या भराभर होते की तुम्हाला आकडा ऐकू येईपर्यंत माल विकलेला असतो. तुम्ही बाजूला उभे राहा. लिलावातून माल घेतलेल्या बाया तिथेच किंवा मार्केटात वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. पहिल्या दिवशी एकीकडून घ्या आणि दुसऱ्या दिवशीही तिच्याकडेच जा. तिसऱ्या दिवशी ती पाटीतलं वरचं बाजूला करून खालचं काढून देते. मासे तिच्याकडूनच साफ करून, तुकडे करून घ्या, त्याचे वेगळे पैसे द्या. भाव बुधवार, शुक्रवार, रविवारी चढे असतात. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला उतरतात, आणि डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार आले तर त्या दिवशी चांगली सुरमई हमखास पदरात पडते. तुमचं घर गुरुवार पाळत नसेल तर हा फायदा घ्याच.

उत्तरेकडे गेलात तर हर्णैचा लिलाव बघा. बोटी बाहेर नांगर टाकतात, मासळी लहान होड्यांनी आणि बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येते, आणि संध्याकाळी मागे सुवर्णदुर्ग दिसत असताना पुळणीवर हा बाजार भरतो. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे तिन्ही २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे गर्दी वाढली आहे, गाडी गावाबाहेरच ठेवा.

रापण ही सिंधुदुर्गाची मिरास. होडीनं अर्धगोलात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. तारकर्ली, देवबाग, निवती, वेंगुर्ल्याच्या बाजूला अजून दिसते. रापण ओढताना दोरीला हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही, मुलंही ओढतात. हात लावणाऱ्याला थोडी मासळी द्यायची रीत आहे, पण तुम्ही ती फुकट घेऊ नका. पेडवे, बांगडे, सौंदाळे, कधी सुंगटं (कोळंबी), आणि कित्येकदा नुसती जेलीफिश. रापणकरांची मिळकत आटली आहे. पर्ससीन जाळ्यांवर (माशांचा अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो तेव्हा ते काय बोलतात ते मुलांपुढे सांगण्यासारखं नसतं. जाळ्यातून निघालेले पेडवे विकत घ्या. इतके ताजे पेडवे पुण्यात कोणत्याही पैशाला मिळणार नाहीत.

काय घ्यायचं? सगळे पापलेट आणि सुरमईच्या मागे असतात. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे आणि त्याची तळहाताहून लहान पिल्लं विकायला ठेवलेली दिसतात, ती घेऊ नका. तुम्हाला बांगडा, सौंदाळा, मुडदुशी, माकूल (स्क्विड), तिसऱ्या (शिंपल्या) यांतच जास्त मजा आहे, आणि खिशालाही बरं. मुडदुशी मुलांना द्या, काटा कमी आणि गोड. कुर्ल्या (खेकडे) अमावास्येकडे घ्या. अवसेच्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, असं इथे सगळे सांगतात. हातात घेऊन वजन बघा, आकारावर जाऊ नका. तिसऱ्या जिवंत हव्यात. उघड्या शिंपेला टिचकी मारली की ती मिटली पाहिजे. आणि शिजल्यावर जी उघडली नाही ती टाकून द्यायची.

ताजेपणाची परीक्षा नेहमीचीच, डोळा फुगीर, कल्ला लाल, बोट दाबलं की खळगा राहता कामा नये. पण गाडीत एक गोष्ट घरापेक्षा महत्त्वाची, ती म्हणजे बर्फ. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात दोन-तीन तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. मासा वासाला ठीक वाटतो आणि खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. लोक म्हणतात मासा बाधला. म्हणून बंदरावर जातानाच बर्फाची पेटी बरोबर. प्रत्येक मोठ्या बंदरात बर्फाचा कारखाना असतो, लादी फोडून घ्या. जेवढे मासे तेवढा बर्फ, एक थर बर्फ एक थर मासा, आणि वितळलेलं पाणी पेटीच्या भोकातून सतत बाहेर गेलं पाहिजे. पाण्यात बसलेला मासा मऊ पडतो. गाडीतल्या छोट्या फ्रीजवर भरवसा नको, तो दूध आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी.

शिजवायचं बाहेर. गाडीत मासा तळलात तर गाद्यांना आठवडाभर वास राहतो. गाडीतल्या गॅसची शेगडी चहा-दुधापुरती. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचं खालचं झरोक मोकळं आहे ना ते रोज बघा. बाहेर एक बिडाचा तवा, एक मातीचं किंवा जाड बुडाचं भांडं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मालवणी मसाला, तांदळाचं पीठ, त्रिफळं (माशाच्या कालवणात घालायची मसाल्याची फळं, त्रिफळा चूर्ण नव्हे) आणि खोबरेल. नारळ घरमालकाच्या अडाळ्यावर (विळीवर) खवून मिळतो.

प्रवासासाठी माझा हमखास पदार्थ बांगड्याचं तिखलं. पाच जणांना आठ-नऊ बांगडे. दोन-दोन तुकडे करून मीठ-हळद. सुक्या मिरच्या, धणे, थोडे मिरे वाटून ती गोळी भांड्यात पाण्याबरोबर, त्यात चार-पाच सोलं (आमसुलं) आणि ठेचलेली, बी काढलेली पाच-सहा त्रिफळं. उकळी आली की मासे सोडायचे. चमचा घालायचा नाही, भांडंच हलवायचं. रस दाट झाला की वरून कच्च्या खोबरेलाची धार आणि झाकण. यात ओलं खोबरं नाही म्हणून ते रात्री करून सकाळी पेजेबरोबर खाता येतं. डिसेंबरात ते टिकतं, मे महिन्यात हा प्रयोग करू नका. सहा वर्षांच्या मुलाला तिखट जड जाईल, त्याच्यासाठी मुडदुशी तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. आईंना सोलकढी द्या, पण ती ताज्या नारळाच्या रसाची. बाटलीतली गुलाबी नको.

डोकी, कल्ले, खवले खळ्यात टाकू नका, मांजरं आणि कावळे रात्रभर धिंगाणा घालतात. माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरा, घरमालक खूश होतो.

तारखा पक्क्या करताना दोन गोष्टी बघा. नाताळ ते एक जानेवारी मालवणात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा घ्या. आणि पौर्णिमा किंवा अमावास्या सहलीच्या मधोमध, म्हणजे मालवणच्या तीन दिवसांत पडेल असं बसवा. पुढे कधी फेब्रुवारीत येणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारा. ती पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दोन-तीन दिवसांत मालवणच्या रस्त्यांवर कॅम्पर म्हणजे स्वतःवर ओढवून घेतलेली शिक्षा. शिमग्यात कोळीवाडे दर्यावर जात नाहीत, मासे मिळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते. मुक्कामाचं म्हणाल तर उघड्यावर राहणं कोकणाला नवीन नाही. आचऱ्याला काही वर्षांनी गावपळण होते, तीन दिवस-तीन रात्री अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतं. तिथल्या कुणाशी गप्पा मारा, पातेली कशी बांधायची ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

परतीच्या दिवशी कणकवलीत गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. ब्रेक, स्टेपनीचा बोल्ट आणि सायलेन्सरवरचं मीठ घाटाआधी गेलेलं बरं. आणि सुका बांगडा घरी न्यायचाच असेल तर तो हवाबंद डब्यात, डबा पोत्यात, पोतं छतावरच्या कॅरिअरवर. गाडी भाड्याची आहे, अनामत रक्कम परत घ्यायची आहे.